आर्वो पॅर्ट यांचं वाद्यवृंदासाठीचं संगीत: आत काय चालतं, कसं ऐकावं, कसं वाजवावं

कोमल_गंधार

इस्टोनियाचे संगीतकार आर्वो पॅर्ट (जन्म १९३५) यांचं संगीत ऐकणाऱ्यांचं बोलणं बहुतेक वेळा 'किती शांत वाटतं' इथेच थांबतं. शांत वाटतंच. पण त्यामागे एक कडक नियम आहे. तो दहा मिनिटांत समजतो आणि समजल्यावर त्याच रचनेत कितीतरी जास्त ऐकू येतं. म्हणून हा धागा. आधी नियम देते, मग रचनांकडे वळू. तंतुवाद्यं वाजवणाऱ्यांनी तालमीतल्या अडचणी जरूर लिहाव्यात.

नियम असा. दोन आवाज जोडीने चालतात. पहिला आवाज चाल सांगतो: शेजारच्या स्वरावरून शेजारच्या स्वरावर, पायरी-पायरीने. दुसरा आवाज मूळ त्रिस्वरीतले तीनच सूर लावतो. मायनर असेल तर सा, कोमल ग आणि प. पहिल्याचा स्वर आला की दुसरा त्या तिघांतला जवळचा सूर घेतो. वरचा घ्यायचा की खालचा, लगतचा की त्याच्या पलीकडचा, की आलटून पालटून, हे रचनेच्या सुरुवातीलाच ठरतं आणि मग पाळलं जातं. या पद्धतीला तिन्तिन्नाबुली म्हणतात. त्यातली पहिली रचना म्हणजे १९७६ ची पियानोवरची 'फ्यूर आलिना'.

कागदावर मांडून बघा. सप्तक आसावरी थाटाचं घ्या, म्हणजेच पाश्चात्त्यांचं नैसर्गिक मायनर. दुसरा आवाज 'लगतचा वरचा' (अक्षराखालची आडवी रेघ म्हणजे कोमल, सां म्हणजे वरच्या सप्तकातला सा):

सा असताना ग॒
रे असताना ग॒
ग॒ असताना प
म असताना प
प असताना सां
ध॒ असताना सां
नि॒ असताना सां

आता अंतरं मोजा. रे आणि ग॒ एकत्र वाजले की अर्ध्या स्वराचं अंतर, ते टोचतं. म-प आणि नि॒-सां ही पूर्ण स्वराची अंतरं, थोडी घासणारी. उरलेल्या चार जोड्या गोड. म्हणजे चाल कुठूनही कुठेही गेली तरी गोडवा आणि टोचणी आळीपाळीने येत राहतात, आणि त्यासाठी वेगळं काही योजावं लागत नाही. 'लगतचा खालचा' घेतला तर टोचणारी जागा सरकून ध॒-प वर जाते. ही दोन कोष्टकं गळ्यात बसवली की पॅर्टच्या निम्म्याअधिक रचनांमध्ये कुठे काय होतंय ते कानाला कळायला लागतं.

'फ्यूर आलिना'मध्ये डावा हात 'लगतचा खालचा' हा नियम शेवटापर्यंत पाळतो, फक्त एका ठिकाणी तो त्रिस्वरीबाहेरचा रे लावतो. स्वरलिपीत त्या जागी पॅर्टनी एक फूल काढलंय. अख्ख्या रचनेत नियमाबाहेरची ती एकच जागा. एवढ्या कडक नियमात एकच सूट काय करू शकते ते तिथे ऐकावं.

---

षड्ज_पंचम

उत्तम सुरुवात. कोष्टक सा = काळी एक धरून हार्मोनियमवर वाजवून पाहिलं, रे-ग॒ ची जागा लगेच लक्षात येते.

एक शंका. 'मिनिमलिझम' (मोजके स्वर, भरपूर पुनरावृत्ती) म्हटलं की आपल्या संगीताचा प्रभाव सांगितला जातो. पॅर्टबाबतही तसं आहे का?

---

कोमल_गंधार

नाही, आणि हे नीट वेगळं ठेवायला हवं. प्रभाव आहे तो अमेरिकन मंडळींवर. ला मॉन्टे यंग आणि टेरी रायली हे पंडित प्राणनाथांचे शिष्य. म्हणजे थेट किराणा घराणं, अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेत रुजवलेलं तेच. फिलिप ग्लास यांनी पॅरिसमध्ये रविशंकरांबरोबर काम केलं आणि त्यातून त्यांची लयीची समज बदलली.

पॅर्ट यांची वाट दुसरी. ते सोव्हिएत इस्टोनियात शिकले, रेडिओवर ध्वनिमुद्रणाचं काम केलं, १९६० मध्ये 'नेक्रोलॉग' ही बारा स्वरांच्या पद्धतीची (सप्तकातले बाराही स्वर ठरावीक क्रमाने, कुठलाच सा न मानता) रचना केली आणि त्यासाठी अधिकृत टीका झेलली. १९६८ च्या 'क्रेडो'त बाखचं सी मेजर प्रिल्यूड आणि बारा स्वरांचा गोंधळ समोरासमोर ठेवले, वर ख्रिस्तावरच्या श्रद्धेचे उघड शब्द. त्यावरून मोठा गहजब झाला. त्यानंतर १९७६ पर्यंत, १९७१ ची तिसरी सिंफनी सोडली तर, मोठं असं जवळजवळ काही नाही. या वर्षांत त्यांनी ग्रेगोरियन चर्चगायन आणि मध्ययुगीन बहुस्वरी संगीत मुळापासून अभ्यासलं, वह्याच्या वह्या एकेरी चाली लिहिल्या, १९७२ मध्ये ऑर्थोडॉक्स पंथात प्रवेश केला. 'फ्यूर आलिना' आणि पुढचं सगळं तिथून आलंय. तेव्हा यंग-रायली आणि पॅर्ट यांच्या दुकानावर पाटी एकच असली तरी माल वेगवेगळ्या गावांहून आलेला आहे.

---

तिसरी_रांग

तालमीबद्दल लिहितो. विषय 'कान्टुस', म्हणजे इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्या स्मृत्यर्थ १९७७ मध्ये केलेली रचना. तंतुवाद्यवृंद आणि एक घंटा. सुमारे सहा मिनिटं. कागदावर शाळकरी वाटते, म्हणून हौशी वृंद ती सर्रास निवडतात आणि अडकतात.

चाल आपल्या अलंकारासारखी उतरते: सां, सां नि॒, सां नि॒ ध॒, सां नि॒ ध॒ प, दर वेळी वरून सुरू करून एकेक स्वर खाली. सा म्हणजे ए. लय लांब-आखूड, लांब-आखूड. हीच चाल पाचही गट वाजवतात, पण प्रत्येक गट आधीच्यापेक्षा एक सप्तक खाली आणि निम्म्या वेगाने. माप (स्वरलिपीतला एक बार) सहा मात्रांचं आहे. लांब-आखूडची एक जोडी पहिल्या व्हायोलिनला अर्ध्या मापात बसते, दुसऱ्या व्हायोलिनला एका मापात, व्हायोलाला दोन, चेलोला चार आणि डबल बासला आठ मापांत. ही पाच आकड्यांची ओळ प्रत्येकाने आपल्या कागदावर वर लिहून ठेवावी. मोजण्याची निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

बासचा लांब सूर ३२ मात्रांचा: पाच मापं आणि दोन मात्रा. आखूड १६ मात्रांचा: दोन मापं आणि चार मात्रा. म्हणजे सूर मापाच्या मध्येच बदलतो आणि नेमका तिथे बासवाला चुकतो, कारण हाताला मापाच्या पहिल्या मात्रेवर बदलायची सवय असते. उपाय एकच: दर आठ मापांना खूण करायची आणि आतल्या बदलाच्या मात्रेवर पेन्सिलने गोल काढायचा. कंडक्टरने त्या मात्रेवर बासकडे नुसती मान वळवली तरी पुरते.

गजाचा हिशोब. लय मिनिटाला ११२ ते १२० मात्रा धरली तर बासचा लांब सूर १६-१७ सेकंद टिकतो. सुरुवातीच्या हळू आवाजात एका गजात तो निघेल, शेवटच्या फॉर्टिसिसिमोत (अतिशय मोठ्या आवाजात) निघणं शक्य नाही. गज बदलावाच लागतो आणि तो सगळ्यांनी एकदम बदलला की भिंतीला चीर पडल्यासारखं ऐकू येतं. प्रत्येक ओळीवर निदान दोन वादक हवेत आणि त्यांनी गज वेगवेगळ्या वेळी बदलायचा. ओळी किती? पहिलं व्हायोलिन दोन, दुसरं दोन, चेलो दोन, बास दोन. प्रत्येकात एक चाल सांगणारी आणि एक त्रिस्वरीची. व्हायोला मात्र विभागलेला नाही, तिथे फक्त चाल आहे. एकूण नऊ ओळी, म्हणजे कमीत कमी अठरा वादक. त्यातले चार डबल बास. मुंबई-पुण्याला किंवा गोव्यात अठरा तंतुवादक जमवता येतील, चार बास जमवणं हीच खरी अडचण.

---

मृदुला_डी

तिसरी_रांग, दोन बासवर भागवलं तर? खालची ओळ चेलोंना वाटून देता येईल का?

---

तिसरी_रांग

चेलोंना देऊ नका. सोळापट संथ चालणारा तो थर बाकीच्यांपासून वेगळा ऐकू यायला हवा, आणि चेलोचा आवाज त्याच सप्तकात वाजणाऱ्या चेलोंच्या ओळीत मिसळून जातो. दोनच बास असतील तर दोघांनी आपापल्या ओळीत मध्येच, आपल्याला सोयीच्या मात्रेवर, दाब अजिबात न वाढवता गज बदलायचा, आणि दोघांच्या जागा एकमेकांपासून लांब ठरवून घ्यायच्या. थोडं कमी पडतं, पण बांधणी शाबूत राहते.

आणखी तीन गोष्टी.

आवाज वाढवण्याची घाई. रचना अगदी हळू सुरू होऊन शेवटी प्रचंड होते. त्यातलं बरंचसं काम बांधणीच करून देते: एकेक गट आत येतो, सगळे खाली उतरतात, खालच्या तारा जाड. वादकाने त्यात स्वतःची भर लवकर घातली की तिसऱ्याच मिनिटाला सगळं भांडवल खर्च झालेलं असतं. तालमीत एकदा संपूर्ण रचना एकाच मध्यम आवाजात वाजवून बघा, नुसत्या उतरण्याने किती फुगते ते कळतं. मग लिहिलेले फरक लावा.

व्हायोलिनची सुरुवात. ती फार उंच सप्तकात आणि अगदी हळू. तिथे घाबरून बोटं थरथरतात आणि त्याला व्हायब्रेटोचं (मुद्दाम दिलेल्या कंपाचं) नाव मिळतं. सरळ, स्थिर सूर हवा. त्रिस्वरीच्या ओळीला तर कंप अजिबात नको. ती घंटेच्या जागी आहे.

शेवटचा थांबा. प्रत्येक गट आपल्या नेमलेल्या स्वरावर पोचला की तिथेच थांबून राहतो, शेवटी सगळे मिळून ए मायनरची त्रिस्वरी. पहिली व्हायोलिनं आधी पोचतात आणि खूप वेळ एकच सूर धरतात. कंटाळून त्यांचा सूर हळूहळू उतरतो. त्यांना सांगावं की आता तुम्ही तंबोरा आहात, खालच्यांना तुमच्यावर जुळवायचंय.

---

वाट_पाहतोय

घंटेबद्दल कुणी लिहील का? ध्वनिमुद्रण ऐकताना शेवटी तंतुवाद्यं थांबल्यावर घंटा 'आधीपासून वाजत होती' असं वाटतं.

---

तिसरी_रांग

वाटतं कारण तसंच आहे. शेवटची त्रिस्वरी पूर्ण जोरात चालू असताना घंटेचा टोल हळूच पडतो. तेव्हा तो कुणालाच ऐकू येत नाही. तंतुवाद्यं एकदम कापली की त्याची गुंज उरते. आणि घंटेच्या ए मध्ये वरच्या उपस्वरांत शुद्ध ग झळकतो, म्हणून सहा मिनिटं कोमल ग ऐकलेल्या कानाला अचानक मेजरचा उजेड दिसतो. कुठल्याही वादकाने तो स्वर वाजवलेला नसतो. घंटेच्या व्यवस्थेबद्दल सविस्तर नंतर लिहितो, त्यात बऱ्याच भानगडी आहेत.

---

अनवट_रागांचा_नाद

'फ्रात्रेस'बद्दल लिहायचं होतं. आपल्या कानांसाठी ही सर्वांत सोपी आणि सर्वांत चक्रावणारी रचना आहे. १९७७ ची, मूळ लिहिताना वाद्यं ठरवलेली नव्हती, त्यामुळे आज तिची अनेक रूपं आहेत: व्हायोलिन-पियानो (१९८०, गिडॉन आणि एलेना क्रेमर यांच्यासाठी), बारा चेलो, तंतुवाद्यवृंद आणि तालवाद्यं, वगैरे. या धाग्यासाठी तंतुवाद्यवृंदाचं रूप घेऊ.

खाली ए आणि ई हे दोन सूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत धरलेले असतात. म्हणजे सा-प. तंबोराच. त्यावर तीन आवाज. वरचा आणि खालचा आवाज एकमेकांपासून दहाव्या स्वराच्या अंतरावर समांतर चालतात, डी हार्मोनिक मायनरच्या सप्तकात. ए ला सा धरून ते सप्तक लिहिलं तर येतं: सा रे॒ ग म प ध॒ नि॒. हे तर बसंत मुखारीचे स्वर. पूर्वांगात भैरव, उत्तरांगात भैरवी, कर्नाटक पद्धतीत वकुळाभरणम्. आणि मधला आवाज? तो ए मायनरची त्रिस्वरी लावतो: सा, ग॒, प. म्हणजे बाहेरच्या आवाजांत शुद्ध ग आणि आतल्या आवाजात कोमल ग. दोन्ही गंधार एकाच वेळी कानावर येतात तेव्हा जी हुरहुर होते ती ह्या रचनेची ओळख आहे, आणि ती कोमल_गंधार यांनी सांगितलेल्या त्याच नियमाचा परिणाम आहे.

बांधणी: एक ओळ सात मात्रांची, पुढची नऊ, पुढची अकरा, दर वेळी मध्ये दोन स्वर वाढतात. मग तेच उलट्या दिशेने. असा एक फेरा. असे नऊ फेरे, प्रत्येक आधीच्यापेक्षा तिसऱ्या स्वराने खाली. दोन फेऱ्यांच्या मध्ये क्लेव्हज (एकमेकींवर आपटायच्या लाकडी दांड्या) आणि बास ड्रमचे ठोके. ते ठोके मोजायला फार उपयोगी; नवा ऐकणारा हरवला तर पुढच्या ठोक्यांशी पुन्हा गाडीत चढतो.

---

षड्ज_पंचम

बसंत मुखारी वाचून लगेच लावून ऐकलं. खरंच! म्हणजे पॅर्ट नकळत राग गात होते म्हणायचं.

---

अनवट_रागांचा_नाद

तसं म्हणू नका. स्वर तेच म्हणजे राग तोच असं होत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. इथे वादी-संवादी नाही, पकड नाही, न्यासाची जागा दर फेऱ्यात सरकते, मींड नाही, आंदोलन नाही. शिवाय दोन गंधार एकत्र उभे करणं हे बसंत मुखारीत बसतच नाही. फायदा एवढाच की आपला कान तंबोऱ्यावर तयार झालेला असल्यामुळे त्या सा-प वर प्रत्येक स्वराचं वजन आपल्याला पटकन जाणवतं. त्याचा उपयोग ऐकण्यासाठी करा, वंशावळ मांडण्यासाठी नको.

---

गळ्यावर_गा

गाणाऱ्यांसाठी एक पद्धत देते. वाद्यं नसली तरी सहा-आठ जणांच्या गटात तिन्तिन्नाबुली गळ्यावर बसवता येते.

१. पट्टी सगळ्यांना झेपेल अशी. तंबोरा सा-प.
२. गट 'क' चाल गातो: सा, सा रे, सा रे ग॒, असं सां पर्यंत, आणि मग एकेक स्वर कमी करत परत. आकारात.
३. गट 'ख' वरच्या कोष्टकाप्रमाणे 'लगतचा वरचा' गातो. आधी कोष्टक एकट्याने पाठ करावं, चाल न ऐकता.
४. एका स्वराला साधारण तीन सेकंद. ओळ संपली की दोन श्वासांइतकी शांतता.
५. दोन्ही गट जमले की अदलाबदल, मग 'लगतचा खालचा'.

हमखास बिघडतं ते रे-ग॒ वर. अर्ध्या स्वराची टोचणी सहन होत नाही म्हणून नकळत रे उतरतो किंवा ग॒ चढतो आणि अंतर पळवाटेचं होतं. दोघांनी आपापला सूर तंबोऱ्याशी जुळवावा, एकमेकांशी नव्हे. दुसरी अडचण हार्मोनियमची: तंबोऱ्यावर स्वाभाविक लागणारा ग॒ सा पासून सुमारे ३१६ सेंटवर (पेटीवरचा अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट) असतो, हार्मोनियमचा ३०० वर. रे साधारण २०४. म्हणजे नैसर्गिक रे-ग॒ अंतर ११२ सेंट, पेटीवर १००. पेटी सोबतीला घेतली की गट 'ख' दोन्हींच्या मध्ये लोंबकळतो. पेटी फक्त शिकताना, गाताना बंद.

तिसरी अडचण सवयीची. आपण स्वराला स्पर्श न करता सरळ उभं राहणं विसरतो; कण लागतो, मींड येते. इथे खडा सूर हवा. आणि ठेका नको, मनातसुद्धा नको, नाहीतर तिसऱ्या ओळीपासून समेवर जोर पडायला लागतो.

---

ठाणेकर_७

मनापासून विचारतो. मला 'श्पीगल इम श्पीगल' आणि 'फ्यूर आलिना' आवडतात, पण सलग एक तास पॅर्ट ऐकला की सगळं एकच वाटतं. वर 'आध्यात्मिक' असा शिक्का असल्यामुळे कंटाळा आला म्हणायचीही चोरी. वाद्यवृंदाच्या रचनांत वैविध्य आहे का?

---

कोमल_गंधार

आहे, आणि कंटाळा आला तर म्हणावं. 'होली मिनिमलिझम' हा शिक्का पॅर्ट, पोलंडचे गुरेत्स्की आणि इंग्लंडचे टॅव्हनर या तिघा संगीतकारांवर बाहेरून मारलेला आहे. तिघांची संगीतभाषा वेगवेगळी आहे. गुरेत्स्कींची तिसरी सिंफनी १९७६ ची, म्हणजे 'फ्यूर आलिना'च्याच वर्षाची, पण तिथे तिन्तिन्नाबुलीचा मागमूस नाही. तिथे दाट कॅनन (एकच चाल अनेक आवाज एकामागून एक सुरू करतात) आणि गाणारी स्त्री आहे.

सलग तास ऐकू नका. या क्रमाने, एका दिवशी एक रचना: 'कान्टुस' (६ मिनिटं), तंतुवाद्यांची 'फ्रात्रेस' (१० मिनिटं), मग 'ताबुला रासा' (साधारण २७). त्यानंतर मुद्दाम मागे जाऊन तिसरी सिंफनी, जिच्यात नियम अजून सापडलेला नाही पण शोध चालू आहे, ब्रास वाद्यं आहेत, उजेड आहे. मग चौथी, 'लॉस एंजेलिस' (२००८): तंतुवाद्यं, हार्प, टिंपनी (सुरात लावलेले मोठे नगारे) आणि तालवाद्यं. तिसरी आणि चौथी यांत सदतीस वर्षांचं अंतर. चौथीत नियम सैल झालाय, सप्तकात वाढीव अंतरं येतात, काही जागी ती पूर्वेकडची वाटते.

'ताबुला रासा'वर अनवट यांनी लिहावं.

---

अनवट_रागांचा_नाद

लिहितो. १९७७, ताल्लिन. दोन व्हायोलिन, तंतुवाद्यवृंद आणि 'तयार केलेला' पियानो, म्हणजे तारांच्या मध्ये स्क्रू-बोल्ट अडकवून ज्याचा आवाज घंटेसारखा, थोडा बेसूर केलेला असतो. पहिल्या प्रयोगात तो पियानो वाजवला होता संगीतकार आल्फ्रेड श्निटके यांनी, व्हायोलिनवर गिडॉन क्रेमर आणि तात्याना ग्रिंदेन्को. १९८४ मध्ये मानफ्रेड आयखर यांच्या ईसीएम कंपनीने याच नावाची तबकडी काढली, तिच्यापासूनच त्यांची 'न्यू सिरीज' सुरू झाली.

दोन भाग. 'लुडुस' ए मायनरमध्ये: पहिला कडाडणारा ए, मग लांब शांतता. पुढे संगीताचा प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा मोठा आणि मधली शांतता आधीच्यापेक्षा लहान. ऐकताना शांतता मोजा, तुकडे नको. रचनेची चढण तिथूनच समजते. दुसरा भाग 'सिलेन्तियुम' डी मायनरमध्ये: पुन्हा वेगवेगळ्या वेगांचा कॅनन, आणि चाल डी ला परत आली की पियानोची त्रिस्वरी उमलते. चाल दर फेऱ्यात वर-खाली एकेक स्वराने रुंदावत जाते, एकेक वाद्य आपल्या मर्यादेला पोचून गप्प होतं. शेवटी डबल बास पायरी-पायरीने उतरतो, ई वर येतो आणि थांबतो. खालचा डी वाजत नाही. स्वरलिपीत पुढची मापं रिकामी आहेत आणि ती मोजायची असतात. कंडक्टरने तिथे हात खाली टाकला की सभागृह टाळ्या वाजवतं आणि जो डी ऐकणाऱ्याच्या मनात लागणार होता तो लागत नाही.

---

मृदुला_डी

मला शब्दांबद्दल सांगायचंय, कारण वाद्यवृंदाच्या काही रचना मुळात मजकुरावर बांधलेल्या आहेत हे वाजवणाऱ्यांनाही पुष्कळदा माहीत नसतं. 'सिलुआन्स साँग' (१९९१) ही फक्त तंतुवाद्यांची. पण तिचा प्रत्येक वाक्यांश आथोस पर्वतावरचे रशियन साधू सिलुआन यांच्या मजकुरावर, अक्षरा-अक्षराने बेतलेला आहे. शब्दात जितकी अक्षरं तितके स्वर, विरामचिन्हाप्रमाणे थांबे. 'ओरिएंट अँड ऑक्सिडेंट' (२०००) तशीच, चर्च स्लाव्होनिक श्रद्धावचनावर. चौथ्या सिंफनीतही रक्षक देवदूताच्या प्रार्थनेचा मजकूर आत आहे.

याचा व्यवहारात उपयोग असा: स्वरांखाली अक्षरं देवनागरीत लिहून काढायची आणि एका शब्दाला एक गज, किंवा गज बदललाच तर शब्दांच्या मध्ये. जिथे स्वरलिपीत विनाकारण थांबा दिसतो तिथे वाक्य संपलेलं असतं. हे न करता वाजवलं तर थांबे कृत्रिम वाटतात आणि वादक ते लहान करायला लागतात. 'सिलुआन्स साँग'मध्ये तर बहुतेक पडझड याच एका कारणाने होते.

---

वाट_पाहतोय

मुंबईचा एक धागाही नोंदवून ठेवतो. 'लामेन्ताते' (२००२) ही पियानो आणि वाद्यवृंदाची दहा भागांची रचना, मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांच्या 'मार्सियास' या शिल्पावरून सुचलेली. लाल पडद्याचं सुमारे १५० मीटर लांबीचं ते शिल्प लंडनच्या टेट मॉडर्नमधल्या टर्बाइन हॉलमध्ये होतं आणि २००३ मध्ये रचनेचा पहिला प्रयोगही तिथेच, त्याच्यासमोर झाला. ब्रास आणि टिंपनीचा गडगडाट हवा असेल त्यांनी इथून सुरुवात करावी. मला मधले काही भाग विरळ वाटतात, पण शेवटचा 'फ्राजिले ए कॉन्चिलियान्ते' त्यांच्या उत्तम पानांपैकी एक आहे.

---

षड्ज_पंचम

घरी ऐकण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. पंखा चालू असताना 'कान्टुस'ची पहिली मिनिटभर घंटा माझ्याकडे ऐकूच येत नाही.

---

गळ्यावर_गा

पंख्याची सततची घरघर नेमके असे मंद सूर झाकते. सहा मिनिटं पंखा बंद, खिडकी बंद. आणि सुरुवातीची घंटा ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवू नका, शेवट कान फोडेल. उलटं करा: शेवटची दोन मिनिटं आधी लावून तिथे जितका सहन होतो तितका आवाज ठरवा, मग सुरुवातीपासून लावा. अॅपमध्ये 'आवाज समान ठेवा' किंवा रात्रीचा मोड असेल तर बंद. तो हळू भाग फुगवतो, मोठा भाग दाबतो, आणि मग रचनेची चढणच उरत नाही. गाण्यांच्या मध्ये एकमेकांत मिसळण्याची सोय असेल तीही बंद, नाहीतर शेवटच्या घंटेवर पुढची रचना चढते. छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर बासची ओळ जवळपास नसतेच, त्यापेक्षा साधे वायरचे हेडफोन बरे.

---

ठाणेकर_७

कोमल_गंधार, तुमच्या क्रमाने 'कान्टुस' आणि 'फ्रात्रेस' झाल्या. दुसरीत सा-प धरून ठेवल्यावर खरंच वेगळं ऐकू आलं, सातव्या फेऱ्यापर्यंत मोजता आलं.

आमच्या हौशी वृंदात 'कान्टुस' घ्यायचा विचार आहे. स्वरलिपी नेटवर मिळते ती चालेल का? आणि घंटा कीबोर्डवर?

---

तिसरी_रांग

स्वरलिपी नेटवरची नको. संगीतकाराचे हक्क चालू आहेत, भारतातही ते मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत असतात. प्रकाशक व्हिएन्नाचं युनिव्हर्सल एडिशन. जाहीर प्रयोगासाठी त्यांच्याकडून अधिकृत प्रत आणि प्रयोगाची परवानगी घ्या. ओळी कमी करून स्वतः मांडणी केली तर तिचीही परवानगी वेगळी लागते. पत्रव्यवहाराला वेळ लागतो, सभागृह ठरवायच्या आधी सुरू करा.

कीबोर्डची घंटा नको. मुद्रित नमुना ठरावीक वेळाने विरतो किंवा पुन्हा फिरतो आणि लाऊडस्पीकरमधून एकाच दिशेने येतो. शेवटी त्याच्यावर सगळं येऊन ठेपणार आहे. ऑर्केस्ट्राच्या ट्युब्युलर बेल्सच्या (उभ्या टांगलेल्या धातूच्या नळ्यांच्या) संचातली ए ची नळी हवी. संच भाड्याने किंवा एखाद्या संगीतशाळेकडून मिळू शकतो. शक्य असेल तर बाकीच्या नळ्या उतरवून ठेवा, त्या तंतुवाद्यांच्या मोठ्या आवाजाने आपोआप गुणगुणतात आणि शेवटची गुंज गढूळ करतात. हातोडीच्या तोंडाला मऊ चामडं बांधा, आघात नळीच्या टोपीच्या कडेला, मधल्या दांड्यावर नको. पायाने चालणारा डॅम्पर (गुंज दाबणारा भाग) पहिल्या टोलापासून शेवटपर्यंत उघडा राहिला पाहिजे. अनेक संचांत तो पाय काढला की बंद होतो, तेव्हा तो अडकवून ठेवायची सोय आधी बघा. घंटावादकाला बासच्या मागे, एका बाजूला उभं करा आणि त्याला मोजायला स्वतःचा कागद द्या. टोल तीन-तीनच्या गटांत पडतात आणि मधल्या लांब विरामांत तो हरवतो.

शेवटचा टोल तंतुवाद्यांच्या आवाजात बुडालेला असतो, त्यामुळे वादकाला तो लागला की नाही हे कळत नाही आणि भीतीने तो जोरात मारतो. मग तो वरून ऐकू येतो आणि पुढची सगळी गंमत जाते. तालमीत ती एकच जागा पाच-सहा वेळा करा: पूर्ण जोराची त्रिस्वरी, आत हळू टोल, एकदम कट. कटनंतर घंटा ऐकू आली तर टोल बरोबर होता. सभागृहाच्या माणसाला सांगून वातानुकूलन त्या सहा मिनिटांपुरतं बंद ठेवायला लावा, आणि कंडक्टरने नळी पूर्ण विझेपर्यंत हात वरच धरावा. चांगल्या नळीची गुंज बराच वेळ टिकते, ती तालमीत घड्याळ लावून मोजून घ्या, म्हणजे प्रयोगाच्या दिवशी कंडक्टरचा हात लवकर खाली येणार नाही.